नाकातली नळी

डॉक्टर तिला राइल्स ट्यूब म्हणतात, घरची माणसं नुसतं ‘नळी’. जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नगरला होवो, लोणीला होवो की परळच्या टाटात; पारनेर-नेवाशाकडच्या घरी परतणाऱ्या माणसासोबत बऱ्याचदा तीही येते, नाकाला चिकटपट्टीनं धरून. दिसायला मीटरभर लांब, पारदर्शक, अंगावर मापाच्या खुणा. जॉन राइल या इंग्रज डॉक्टरांनी १९२१ च्या सुमारास जठरातला रस तपासायला तिची योजना केली. आज ती माणसं जगवते.

स्वभावानं मोठी शिस्तीची. आधी माणसाला उठवून बसवायचं, नर्सनं शिकवलं तसं ती जागेवर आहे ना हे पाहायचं, मग सिरिंजनं मुगाचं पाणी, दूध, गाळलेली नाचणीची आंबील हळूहळू सोडायची. शेवटी पाणी सोडून तिला धुवायचं. घाई तिला चालत नाही. पोट ती इमानानं भरते, पण तोंडाला वळसा घालून जाते. म्हणून पोट भरलं तरी जेवल्यासारखं वाटत नाही.

नळी पोट भरायचं ओझं वाहते तोवर तोंडाला शिकायला उसंत मिळते. कापलेल्या जिभेच्या जागी बऱ्याचदा मनगटाची किंवा मांडीची कातडी बसवलेली असते. तिला चव नाही, स्वतःची हालचाल नाही. घास मागं ढकलणारी जीभच उणी झाल्यानं घट्ट अन्न तोंडात रेंगाळतं. पातळ पाणी मात्र श्वासाची वाट मिटण्याआधीच घशात उतरतं आणि फुप्फुसात जाऊ शकतं. कुणाला काय झेपेल हे म्हणूनच गिळणं शिकवणारे थेरपिस्ट तपासून ठरवतात. श्वास रोखायचा, गिळायचं, लगेच खोकायचं, पुन्हा गिळायचं, असा सराव काहींना देतात. त्यात रेडिएशननं लाळ आटली असेल, तर तोच घोट आणखी जड जातो.

नळीला एक गोष्ट मात्र जमत नाही: माणसाला माणसांत बसवणं. हा नगर जिल्हा पंगतीचा. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीच्या केवढ्या पंगती उठतात! तिथं वाढायला पुढं असणारा माणूस नाकातल्या नळीपायी चावडीवर जायचं टाळतो. त्याला वाईट वाटू नये म्हणून घरचे आत जाऊन जेवतात, आणि त्यानंच तो अधिक एकटा पडतो. वर कुणीतरी तंबाखूचा विषय काढतं. तो दोष त्यानं मनात कितीदा तरी उगाळलेला असतो. झोप उडाली, बोलणं बंद झालं, सराव नकोसा झाला, तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं; मनाचा इलाज हा उपचाराचाच भाग आहे.

तोंडानं पुरेसं आणि सुरक्षित खाता येऊ लागलं की डॉक्टर नळी काढतात. काहींना ती महिनोन्महिने लागते, काहींना पुढं थेट पोटात नळी बसवावी लागते. त्यात हार नाही. नळी असो वा नसो, जेवणाच्या वेळी त्याला सगळ्यांत बसवावं, पिकापाण्याचं विचारावं. उत्तर यायला वेळ लागेल, शब्द अडखळतील. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यावं.