मोटर जळली नव्हती

घरातले एखादे यंत्र बंद पडले, की “मोटर गेली” हा निकाल आपल्याकडे फार लवकर दिला जातो. निकाल देणाऱ्याची उघडून पाहण्याची कटकट वाचते आणि ऐकणाऱ्याचे मन नव्या वस्तूच्या किमतीकडे वळते. मोटरीत नेमके काय बिघडले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आमचा मिक्सर चोवीस वर्षांचा. सासूबाईंना पक्षाघात झाला, तेव्हापासून चटणी-वाटणापेक्षा मोठे काम त्याच्याकडे आले. घट्ट घास त्यांना गिळता येत नाही. पाण्यासारखे पातळ दिले, तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती. म्हणून भात, वरण, भाजी सारे दह्यासारखे एकजीव व्हावे लागते, दिवसातून तीनदा. पहिल्या शुक्रवारी फादर ख्रिस्तशरीर घेऊन येतात, तेही त्यांना कणभरच द्यावे लागते. ऐन पावसाळ्यात, नाले रस्त्यावर आलेले आणि मुलचेऱ्याची एसटी बंद असताना, तो मिक्सर मुका झाला. पाट्यावर भात वाटून, फडक्यातून गाळून आम्ही दोन दिवस काढले. तरी कण राहतच, आणि घासागणिक त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

काही महिन्यांपूर्वी तो अडखळू लागला, तेव्हा तालुक्याबाहेरच्या एका दुकानात दाखवला होता. तिथे एक स्क्रूही न काढता सांगण्यात आले, “मोटर जळत आली, नवा घ्या.” पण तांब्याच्या तारेवरचे व्हार्निश जळले, की त्याचा करपट वास घरभर राहतो, एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही. तसा वास आमच्याकडे कधी आला नव्हता. त्यामुळे त्या निकालावर माझा विश्वास बसेना.

शेवटी जवळच्या बंगाली वसाहतीतले म्हातारे मिस्त्री चिखल तुडवीत आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना या जंगलपट्टीत वसवले, तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. मिस्त्री त्या वेळी आईचा हात धरून आलेले पोर. रेडिओ, पंखे, पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले.

त्यांनी मिक्सरला हात लावण्याआधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये टेबलाचा दिवा लावून पाहिला. वीज होती. मग मिक्सर उलटा करून तळाचे लाल बटण दाबले. यंत्रावर भार जास्त झाला, की ते बटण बाहेर येऊन प्रवाह तोडते. ते जागेवर होते. भांडे काढून वरची चकती बोटांनी फिरवली. ती सैल फिरली, म्हणजे बेअरिंग गंजून अडकलेले नव्हते. एका वेळी एकच शंका, आणि तीही फुकटात फिटणारी आधी!

मग त्यांनी पिशवीतून शंभर वॉटचा जुना, तारेचा बल्ब काढला. वीज या बल्बातून मिक्सरमध्ये जाईल अशी जोडणी केली, की आतली वाट तुटली असल्यास बल्ब लागत नाही, आत शॉर्ट असल्यास झगझगतो आणि सारे ठीक असल्यास जरा मंद जळतो. (आजच्या एलईडी दिव्याने ही परीक्षा होत नाही.) आमच्या घरी तो लागलाच नाही. तेव्हा त्यांनी कोरड्या लाकडी पट्टीने चकती हळूहळू ढकलली. बल्ब क्षणभर उजळला आणि विझला. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच.

“तार शाबूत आहे दिदी,” ते म्हणाले, “कार्बन पोचत नाही.”

फिरणाऱ्या भागाच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल असतो. दोन बाजूंनी कार्बनचे दोन तुकडे स्प्रिंगच्या जोराने त्यावर टेकतात आणि धावत्या मोटरीत वीज पोहोचवतात. कार्बन मऊ ठेवलेला असतो, तो तांब्याऐवजी आपण झिजावा म्हणून. पंख्याला हे तुकडे लागत नाहीत. त्याची मोटर विजेच्या ठेक्यावर चालते, आणि आपल्याकडील सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या विजेवर तशी मोटर मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेरे घेऊच शकत नाही. मिक्सरला त्याच्या कितीतरी पट वेग हवा, म्हणून हे झिजणारे तुकडे पत्करावे लागतात. पट्ट्यांचा गोल, फिरते वेटोळे आणि स्थिर वेटोळे ही तिन्ही अंगे एकत्र असलेली मोटर १८२८च्या सुमारास हंगेरीत एका बेनेडिक्टीन धर्मगुरूने बनवली होती. फादर आन्योश येडलिक हे त्यांचे नाव. त्यांनी तिचा गाजावाजा केला नाही, त्यामुळे जगाच्या पाठ्यपुस्तकांत ते फारसे भेटत नाहीत.

प्लग काढून मिक्सर उघडला. एक तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा उरला होता. स्प्रिंग पूर्ण ताणली तरी तो पट्ट्यांना जेमतेम शिवे. बाजार गाठणे अशक्य. मिस्त्रींनी एका मोडक्या ड्रिल मशीनचे कार्बन काढून दगडावर घासत, वारंवार मापून, घरात सरकतील असे केले. काळवंडलेल्या पट्ट्या बारीक काचकागदाने पुसल्या. एमरी कागद मी पुढे केला होता, तो त्यांनी परत दिला. त्याचे कण वीज वाहून नेतात आणि पट्ट्यांच्या फटीत बसले तर नवा बिघाड. मग तोच काचकागद गोलावर पालथा धरून कार्बनचे टोक त्याच्या बाकाप्रमाणे घासले. या एका कामाला पाऊण तास लागला. घाईत असते तर त्यांनी सपाट तुकडाच बसवला असता, आणि आठवडाभर ठिणग्या उडाल्या असत्या.

रिकामा मिक्सर प्रथम मंद वेगावर काही मिनिटे चालवला. मिस्त्री फटीतून आत पाहत होते. ठिणगी बारीक आणि निळसर होती. “चालेल,” ते म्हणाले, पण हे तात्पुरते, खऱ्या मापाची जोडी मागवा, असे बजावून माप त्यांनी आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कडेला लिहून ठेवले. मजुरी पन्नास रुपये सांगितली. मी जास्त देऊ लागले, तर त्यांनी उरलेले मोजून ओट्यावर ठेवले.

त्या संध्याकाळी भोपळा आणि भात फिरवला. सासूबाईंनी वाटी संपवली आणि चांगल्या हाताने ती माझ्याकडे सरकवली. नागपूरहून कार्बनची जोडी आली ती पोळ्यानंतर.