तनखा सुरतेचा, दर्या जंजिऱ्याचा

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोगलांच्या आरमाराचे आधिपत्य सुमारे तीन दशके सांभाळणारा सिद्दी कासम, म्हणजेच याकूतखान, मराठी वाचकाला ठाऊक असतो तो शिवछत्रपतींच्या हाती जंजिरा न लागू देणारा शत्रू म्हणून. पण दर्यावर्दीपणाकडे एक कसब म्हणून पाहणाऱ्याला त्याच्या कारकिर्दीत वेगळेच काही दिसते, आणि ते पाहण्यासाठी जंजिऱ्याच्या तटावर नव्हे, तर तापीच्या मुखाशी, सुरतेला उभे राहावे लागते.

खाफीखानाने दिलेल्या वृत्तांतानुसार सिद्दी संबळ, सिद्दी कासम आणि सिद्दी खैरियत हे तिघे जंजिऱ्याच्या फत्तेखानाचे हबशी गुलाम होते, आणि या प्रत्येकाच्या हाताखाली त्याने स्वतः कवायत शिकवून तयार केलेली आणखी माणसे असत. ज्या काळात जहाजावर खलाशी, त्याच्यावर तांडेल, म्हणजे खलाशांच्या टोळीचा मुकादम, त्याच्यावर सारंग, म्हणजे सर्व खलाशांचा प्रमुख, आणि सुकाणूची दिशा ठरवणारा मालीम अशी चढण होती, त्या काळात गुलामीतून निघून या चढणीच्या माथ्यावर पोहोचणे अशक्य नव्हते, कारण समुद्र वंशावळ विचारीत नाही. मात्र ते सोपेही नव्हते. 1670 च्या सुमारास फत्तेखान जंजिरा मराठ्यांच्या स्वाधीन करण्याच्या विचारात आहे असे दिसताच या तिघांनी त्याला कैद केले आणि मोगलांकडे आश्रय मागितला. त्यातून संबळाकडे आरमार, कासमाकडे जंजिरा आणि खैरियताकडे दंडा-राजपुरी अशी वाटणी झाली.

मोगलांना ही माणसे का हवी होती, याचे उत्तर सुरतेच्या पाण्यात आहे. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक भारताच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठा असून तापीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचलेला असल्यामुळे भरलेली मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीला, म्हणजे वाळूच्या लांब पट्टीआड तयार झालेल्या खोल पाण्याच्या खाचेत, नांगर टाकीत आणि माल गाड्यांतून वा होड्यांतून शहरात जाई. अशा पाण्यात उधाणाची भरती कोणती आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती कोणती, हे पाठ नसेल तर जहाज चिखलात बसून एका बाजूला कलते, आणि शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून वाव मोजणाऱ्या खलाशाची हाक चुकली तर सुकाणूवरचा माणूस कितीही शहाणा असला तरी त्याचा इलाज चालत नाही. मक्केला जाणारी यात्रेकरूंची जहाजे याच बंदरातून सुटत; घोडदळावर पोसलेल्या सत्तेपाशी त्यांच्या रक्षणासाठी स्वतःचे दर्यावर्दी पुरेसे नव्हते, म्हणून ते भाड्याने घ्यावे लागले.

हे भाडे म्हणजे तनखा. आजच्या मराठीत तनखा म्हटले की संस्थानिकांचे वर्षासन आठवते, परंतु येथे त्याचा अर्थ सुरतेच्या महसुलातून आरमाराच्या खर्चासाठी तोडून दिलेली वार्षिक रक्कम असा आहे. तिची गाठ सुरतेच्या मुत्सद्द्याच्या, म्हणजे बंदराचा कारभार पाहणाऱ्या मोगल अधिकाऱ्याच्या हाती असे. आणि ज्याच्या खलाशांचे पोट दुसऱ्याच्या खजिन्यावर चालते, त्याला लढाईइतकेच लक्ष देऊन हिशोबही करावा लागतो.

कासमाला नाव मिळाले ते एका रात्रीने. 1671 च्या होळीला तेव्हा मराठ्यांच्या हाती असलेल्या दंडा-राजपुरीच्या किल्ल्यातील शिबंदी सणाच्या रंगात असताना खैरियताने जमिनीच्या बाजूने हल्ल्याचा गलबला उठवला, आणि सारे लक्ष तिकडे वळताच कासमाच्या तीस-चाळीस होड्या समुद्राकडच्या तटाखाली लागल्या. तटाच्या पायथ्याशी हलणारी होडी, तीत उभी केलेली शिडी आणि अंधारात खडकावर आपटणारे पाणी यांचा मेळ घालणे हे शौर्यापेक्षा सवयीचे काम आहे, कारण लाट वर उचलते तेव्हाच पाय टाकावा लागतो आणि एका श्वासाचा उशीर झाला तर माणूस होडी व भिंत यांच्यामध्ये चिरडतो. वर पोहोचल्यावर दारूचे कोठार उडाले, त्यात त्याची स्वतःचीही काही माणसे गेली. तेव्हा आपण जिवंत आहोत असे ओरडून सांगत त्याने बाकीच्यांचा धीर सावरला आणि किल्ला घेतला. पुढे याकूतखान हा किताब त्याच्या नावाला कायमचा जडला.

किताबाची रात्र एकच असते. उरलेली सारी वर्षे पावसाळा कुठे काढायचा, या रुक्ष प्रश्नात गेली. नारळी पौर्णिमेपूर्वी या किनाऱ्यावर शीड उभारणे म्हणजे जहाज घालवणे, आणि तापीच्या मुखाशी मोठ्या ताफ्याला वाऱ्याचा आडोसा नाही. त्यामुळे सिद्द्यांचे आरमार वारंवार मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माझगावला येऊन राही. इंग्रजांना हा पाहुणा नको असे, कारण त्याला ठेवून घेतले तर मराठे रागावत आणि हाकलले तर सुरतेतील वखार धोक्यात येई. 1677 मध्ये आरमार कोणाचे या वादावरून संबळ आणि कासम यांची माणसे माझगावातच आपसांत भिडली, आणि शेवटी ताफा कासमाकडे आला.

त्याच्या कसबाची खरी परीक्षा मात्र खांदेरीला झाली. 1679 च्या पावसाळ्याअखेरीस मराठ्यांच्या मायनाक भंडाऱ्याने खांदेरी बेटावर तटाचे काम सुरू केले आणि इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली; परंतु वारा पडला की ती जागीच खिळत आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या मराठ्यांच्या उथळ होड्या रात्री त्यांच्या बगलेतून रसद घेऊन निघून जात. पाठोपाठ आपला ताफा घेऊन आलेल्या याकूतखानाने या गोष्टीवरून जो निष्कर्ष काढला तो दर्यावर्दीचाच होता: हलत्या जहाजांनी जे पाणी अडत नाही ते न हलणाऱ्या खडकाने अडवावे. जानेवारी 1680 मध्ये त्याने खांदेरी आणि थळचा किनारा यांच्यामधील उंदेरी हे लहानसे बेट ताब्यात घेऊन त्यावर तोफा चढवल्या. खांदेरी त्याला घेता आली नाही, आणि म्हणून ही त्याची हार मानणारे आहेत. परंतु खांदेरीच्या छातीशी उंदेरीचा काटा पुढे कित्येक वर्षे सलत राहिला, हे पाहता ती अर्धी जीत म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

1689 च्या फेब्रुवारीत, इंग्रजांनी मोगलांच्या जहाजांना हात घातल्यावर, तो शिवडीला उतरला आणि मुंबईचा किल्ला सोडून जवळजवळ सारे बेट त्याने वर्षभराहून अधिक काळ दाबून धरले; इंग्रजांनी बादशहाची माफी मागून दंड भरल्यावर 1690 च्या जूनमध्ये तो निघाला आणि जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला. ज्या बंदराने इतके पावसाळे आश्रय दिला त्याचा असा निरोप घेणे शोभणारे नव्हतेच, आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावरील गावांना त्याच्या स्वाऱ्यांनी जे सोसायला लावले तेही त्याच्या हिशोबातून वजा करता येत नाही. कसब आणि सज्जनपणा यांची सांगड असतेच असे नाही.

अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो मरण पावला, आणि तोपर्यंत कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झालेले होते. जंजिरा सिद्द्यांकडे राहिला तो 1948 पर्यंत. सुरत मात्र त्यांच्याकडे तितकी टिकली नाही. 1759 मध्ये इंग्रजांनी तोपर्यंत सिद्द्यांच्या ताब्यात आलेला सुरतेचा तापीकाठचा किल्ला त्यांच्याकडून घेतला, बादशहाकडून आरमाराचे पद आपल्या नावे करून घेतले, आणि त्या पदाबरोबर सुरतेचा तनखाही.