गाव तेच, राज्यं चार

लातूरहून नांदेडच्या एसटीत बसलो आणि चाकूरचं तिकीट काढलं. शेजारी अहमदपूरला निघालेले एक आजोबा होते. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत त्यांनी चौकशी केली, "चाकूरात कोणाकडं?" कोणाकडेच नाही, राज्यघटनेवर लिहायचंय म्हणून निघालोय, असं सांगितलं. "मग मलाच लिवा की," आजोबा म्हणाले.

जन्म निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यातला. पोलीस ॲक्शननंतर शाळेत गेले ते हैदराबाद राज्यात. मास्तरकी लागली द्विभाषिक मुंबई राज्यात, जिल्हा उस्मानाबाद. 1960 ला महाराष्ट्र झाला, 1982 ला लातूर जिल्हा झाला, पेन्शन तिथून. "आन् घर तेच. मी कुठं गेलोच न्हाई ओ, राज्यंच बदलायली."

अमेरिकेतल्या माणसाला ही जंत्री सांगितली तर त्याला थट्टा वाटेल. तिथे राज्यं आधी होती, संघ नंतर झाला. 1787 साली फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली, ती तेरा राज्यांनी आपल्या हातातली थोडी सत्ता सोडायची की नाही, या घासाघिशीतून. एकाच हाती सत्ता एकवटली की ती माजते, हे फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूचं म्हणणं घटनाकार मॅडिसननं उचललं आणि सत्तेची दुहेरी वाटणी मांडली: आधी केंद्र आणि राज्य, मग प्रत्येकात कायदा, कारभार, न्याय. त्यामुळे राज्याच्या विधिमंडळाची संमती नसेल, तर तिथे त्याची हद्द काँग्रेसला बदलता येत नाही. (1863 मध्ये व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया फुटलं खरं, पण यादवीच्या धामधुमीत, आणि त्या संमतीवर वाद झालाच.)

आपलं गणित उलटं. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत आंबेडकरांनी सांगून टाकलं होतं की हा संघ राज्यांच्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला त्यातून फुटता येणार नाही. अनुच्छेद 3 प्रमाणे संसद साध्या बहुमतानं राज्य मोडू शकते, जोडू शकते. विधानसभेचं मत मागवायचं, मानायचं बंधन नाही. त्या बळावर 1956 ला हैदराबादचे तीन तुकडे झाले. बीदर म्हैसूरकडे गेलं, पण त्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके कापून मुंबई राज्याला जोडले. अमेरिकी नियम इथे असता तर हैदराबाद विधानसभेच्या होकाराची वाट बघत आजोबा बीदरकरच राहिले असते, असं मला वाटतं. आंबेडकरांचं मत आणखी वेगळं होतं. 1955 साली त्यांनी मराठवाडा ज्यात येईल असं 'मध्य महाराष्ट्र' हे स्वतंत्र राज्य सुचवलं होतं.

चाकूरला उतरलो. इथे सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. देशाची सीमा कुठल्याही बाजूला शेकडो कोस दूर, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं. या पट्ट्याइतक्या सीमा सरकलेल्या कुणी पाहिल्यात, हा प्रश्न वेगळा.

शिवराज पाटील चाकूरकरांचं हे गाव. 1991 ते 1996 ते लोकसभेचे अध्यक्ष होते. सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती रामस्वामींवरचा महाभियोग 11 मे 1993 ला त्यांच्यासमोरच पडला: बाजूनं 196, विरोधात एकही नाही, 205 सदस्य तटस्थ. अमेरिकेकडून ओळखीची झालेली ती तरतूद अशी गप्प बसून निकालात निघाली. त्याआधी डिसेंबर 1992 मध्ये लोकसभेनं 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. अमेरिकी घटनेत गाव-शहराचा उल्लेखच नाही, तो सगळा राज्यांचा मामला. आपल्याकडे 'नगरपंचायत' हा शब्दच 74 व्या दुरुस्तीनं घटनेत आणला, आणि चाकूरला आज नगरपंचायत आहे. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असंही घटनेत लिहिलंय. तरी 2022 नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या ताब्यात होत्या. अनुच्छेद 371 खाली 1994 ला आलेलं मराठवाडा विकास मंडळही 30 एप्रिल 2020 ला मुदत संपून थांबलं.

बसस्टँडसमोर चहा घेतला. कपबशी विसळणाऱ्या हॉटेलवाल्याला विचारलं, नगरपंचायत झाल्यावर फरक काय पडला?

"घरपट्टी आधी ग्रामपंचायतीत भरायचो, आता नगरपंचायतीत भरायलो," त्यानं सुट्टे मोजून माझ्या हातावर ठेवले. "वाढली तेवढी."