सुपारी मिळाली, पण सराव कुठे करायचा?

मुलांनो, पूर्णा जंक्शनहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की हिंगोलीच्या आधी वसमत लागतं. पूर्वी हा तालुका परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत त्यात गेलं. इथली हळद नावाजलेली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. उन्हाळ्यात मोंढ्यावर हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि त्याच दिवसांत येते लग्नसराई. म्हणजे हळद विकायची घाई आणि लावायचीही घाई!

लग्न म्हटलं, की नवरदेवाचा परण्या आला, आणि परण्या म्हटला, की बँजो पार्टी आली. तुम्हीही तिच्यामागे नाचला असालच! पण कधी थांबून त्या बँजोकडे नीट पाहिलंत का? लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. अमेरिकेतला बँजो निराळा बरं का! आपला हा बँजो जपानी घराण्यातला. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी असं वाद्य तयार केलं. टाइपरायटरच्या कळांची युक्ती त्यांनीच वाद्याला लावली. पुढे ते भारतात आलं, इथे त्याला 'बुलबुल तरंग' म्हणू लागले. त्यालाच विजेची जोड दिली, की झाला वरातीतला बँजो.

आता गंमत ऐका. बँजो पार्टीची बहुतेक गाणी दुसऱ्यांचीच असतात. सिनेमातली, भक्तिगीतं, भीमगीतं, लोकगीतं. कागदावर सूर लिहिलेले नसतात. गाणं मोबाइलवर पुन्हापुन्हा ऐकायचं, आधी मुखडा काढायचा, मग अंतरा. बँजोवाल्याला गाणं सापडलं, तरी ढोल, ताशा आणि कीबोर्ड एका ठेक्यात यायला हवेत. वरातीत तर हे सगळं चालत चालत करायचं. शिवाय मारुतीच्या देवळापुढे कोणतं गाणं आणि मांडवाच्या दारात कोणतं, तेही ठरवावं लागतं. म्हणून सराव हवाच.

तो कधी करायचा? लग्नाच्या सुपाऱ्या एप्रिल-मे महिन्यांतल्या. विसार हातात पडलेला असतो. म्हणजे नवी गाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवायला हवीत. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको! शेजारच्या घरात कुणीतरी दहावीचं पुस्तक उघडून बसलेलं असतं. गल्लीत ढोल वाजला, की खिडकीतून हाक येते, "दादा, उद्या गणिताचा पेपर आहे!"

कोण बरोबर? दोघंही. दहावीच्या मुलीला शांतता हवी आणि वाजवणाऱ्या दादाला वर्षभराची कमाई याच चार महिन्यांत करायची असते. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात. मग गणपती आणि नवरात्र यांचाच आधार.

या भांडणावर कायद्यानेही एक मर्यादा घातली आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच आवाजाची पातळी मान्य आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र. सणासुदीला सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षात १५ दिवसांपेक्षा जास्त नाही.

मग वाट काढायची कशी? बँजोची वायर काढली, की त्याचा आवाज खोलीबाहेर फारसा जात नाही. सूर तसेच बसवता येतात. ताशावर जाड कापड टाकलं, की ठेका कळतो आणि कडकडाट कमी होतो. सगळी वाद्यं मोकळेपणाने वाजवायची, तर गावाबाहेरचा आखाडा बरा. कुस्तीचा नव्हे हं! मराठवाड्यात शेतातल्या गोठ्या-झोपडीच्या जागेलाही आखाडा म्हणतात. तिथे ऐकायला फक्त बैल.

जागेचा हा प्रश्न या भागात जुनाच आहे. नामदेव महाराज याच जिल्ह्यातल्या नर्सीचे, असं मानतात. वसमतजवळच्या औंढा नागनाथाची कथा अशी, की देवळासमोर कीर्तन करायला त्यांना मज्जाव झाला. ते निमूटपणे देवळामागे गेले आणि तिथे गाऊ लागले. तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं! आजही तिथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे.

बँजो पार्टीसाठी काही देऊळ फिरत नाही. उलट, आता डीजेची गाडी आली, की दहा जणांचं काम एक माणूस बटणं दाबून करतो. तिथे ना आखाडा लागतो, ना तालीम. म्हणून तुमच्या गल्लीत सराव चालू झाला, तर आधी जाऊन आपल्या पेपरच्या तारखा सांगा. वेळ ठरवून घ्या. शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी दोन तास मिळेल का, हे मोठ्यांना विचारायला सांगा. परीक्षा संपली, की मात्र पहिल्या वरातीत बँजोवाल्याच्या अगदी शेजारून चाला. एकदा त्याचा डावा हात बघा, बोटं किती भराभर पळतात ते!