हातभर अंतरावरून

खाडीवरच्या पुलाची तपासणी ठरवताना मी आधी पंचांग उघडतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे सुकतीही सगळ्यात खोल जाते. पण आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर त्या दिवशीची सुकती पहाटे अंधारात लागते. म्हणून मी द्वितीया-तृतीया धरतो. पाणी साडेसात-आठच्या सुमाराला तळाला जातं, उजेड असतो, ऊन चढलेलं नसतं, आणि खांबांचा एरवी पाण्याखाली असणारा भाग दोन-अडीच तास उघडा मिळतो. भरतीला भिजणारा आणि ओहोटीला सुकणारा हा पट्टा सगळ्यात जास्त सोसतो. कायम पाण्याखाली असलेल्या सळईला प्राणवायू फारसा मिळत नाही, त्यामुळे गंज तिथे सावकाश चालतो. या पट्ट्यात मात्र मीठ, पाणी आणि हवा तिन्ही रोज दोनदा आळीपाळीने येतात.

यंदाच्या माघात असाच एका पुलाखाली गेलो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. १८ मीटरचे सहा गाळे, प्रत्येक गाळ्याला तीन गर्डर, वर स्लॅब. साधा सळईच्या काँक्रीटचा, ४६ वर्षांचा. या बांधणीचे पूल कोकणात जागोजागी आहेत. वरून गाडीने गेलं तर कठडा रंगवलेला, डांबर नवं, सगळं ठाकठीक. होडीत आम्ही चौघं होतो: होडीवाला, शिडी धरणारा गडी, नोंदी घेणारी एक तरुण इंजिनिअर आणि मी.

तिसऱ्या खांबाच्या अलीकडे उघड्या पडलेल्या खडकांवर चार बायका कालवं काढत बसल्या होत्या. होडी खांबाला लावायला लागलो तशी त्यांतली एक वयस्क बाई ओरडली, ‘‘थय उभे रवू नकात, सायबानू. वरसून खपले पडतत.’’ गेल्या पावसापासून पडतात, म्हणून आम्ही त्या खांबाकडे बसत नाही, असं तिने सांगितलं आणि चिखलातून एक तुकडा उचलून दाखवला. फायलीत या गाळ्यासमोर गेल्या ऑक्टोबरच्या तारखेने ‘समाधानकारक’ असा शेरा होता.

तो तुकडा मी बराच वेळ हातात धरून बसलो. तळहाताएवढा, २२ मिलिमीटर जाडीचा. एक बाजू गुळगुळीत, त्यावर फळीच्या शिरांचे ठसे अजून स्पष्ट. दुसऱ्या बाजूला तांबूस-काळी खोबण, आणि खोबणीत पिळाच्या तिरक्या रेघा. त्या काळात सर्रास वापरली जायची ती टॉर सळई. गंज तिला लवकर धरतो, असा माझा अनुभव आहे. म्हणजे सळईच्या बाहेर काँक्रीट होतं फक्त २२ मिलिमीटर. खारं वारं अंगावर घेणाऱ्या पुलाला एवढं पांघरूण फार तोकडं. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. आत जागा नसते. मग तो काँक्रीटला बाहेर ढकलतो. आधी सळईच्या समांतर केसाएवढी भेग, मग तपकिरी डाग, मग आतल्या आत सुटलेला थर, आणि शेवटी खपली.

यातला तिसरा टप्पा डोळ्यांना दिसत नाही. थर सुटलेला असतो, पण पडलेला नसतो. त्यासाठी हातोडी लागते, अर्धा किलोची, साधी. शिडीवर चढून वीतवीतभर अंतरावर ठोकत जायचं. निरोगी काँक्रीट खणखणीत वाजतं आणि हातोडी उसळून मनगटात येते. सुटलेला थर बद्द वाजतो, तडकलेलं मडकं वाजावं तसा, आणि हातोडी तिथेच निजते. आवाज बदलला की खडूने खूण. तिसऱ्या गाळ्याच्या समुद्राकडच्या गर्डरला ठोकत गेलो तेव्हा खपली पडलेली जागा फूटभराचीच होती, पण खडूची रेघ पुरी झाली तेव्हा ती दीड मीटर लांब आणि गर्डरच्या तळाच्या संपूर्ण रुंदीची होती.

माझ्या पहिल्या वरिष्ठांनी एक नियम घालून दिला होता: ज्याला हात लावला नाही, ते तपासलं असं लिहायचं नाही. काठावर उभं राहून दुर्बिणीतून बघणं, ड्रोनने फोटो काढणं, हे सगळं उपयोगाचं आहे. कुठे शिडी लावायची ते त्यावरून ठरतं. पण त्याला तपासणी म्हणायला माझं मन धजत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. त्यानंतर सगळीकडून पुलांचे अहवाल मागवले गेले. तेव्हा घाईने लिहिलेले काही अहवाल पुढे माझ्या हाती आले. गाडीतून न उतरता लिहिल्यासारखे होते. आजही ते आठवले की संताप येतो.

आजार कुठून शिरला हे शोधायचं तर पाण्याच्या मागे जावं लागतं. कोकणातला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. एवढं पाणी पुलावरून खाली जाण्यासाठी कठड्याशी नळ्या असतात. या पुलाच्या नळ्या आखूड ठेवल्या होत्या, त्यामुळे पाणी गर्डरच्या अंगावरूनच ओघळायचं. ४६ पावसाळ्यांचे काळे ओघळ स्पष्ट दिसत होते. स्लॅबच्या काठाखाली पागोळी तुटावी म्हणून एक बारीक खाच ठेवतात. इतकी साधी गोष्ट, पण ती असली तर थेंब तिथेच सुटून खाली पडतो, आणि नसली तर स्लॅबच्या पोटाला धरून आत चालत जातो. इथे ती बुजलेली होती.

वर जाऊन पाहिलं तर निम्म्या नळ्या डांबराखाली गडप. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवत गेले. दोन गाळ्यांमधले सांधेही त्याखाली गेले. तिथलं पाणी सरळ बेअरिंगवर आणि खांबाच्या माथ्यावर उतरतं, मातीबरोबर साचून राहतं. कडेच्या कट्ट्याची उरलेली उंची मोजली आणि हिशेब केला: मूळ आराखड्यापेक्षा सुमारे १०० मिलिमीटर डांबर जास्त. साडेसात मीटर रुंदीच्या एका गाळ्यावर त्याचं वजन ३० टनांच्या वर जातं. माल भरलेले दोन ट्रक रात्रंदिवस एकाच गाळ्यावर उभे आहेत, आणि खालून सळई बारीक होते आहे.

रासायनिक चाचणीची मला आजही पहिल्या दिवसाइतकी ओढ आहे. चांगलं काँक्रीट आम्लाच्या अगदी उलट गुणाचं असतं, त्याचा सामू साडेबारा-तेरा. त्या वातावरणात लोखंडावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि गंज लांब राहतो. हवेतला कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून हा सामू नऊच्या खाली आणतो. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फथॅलीन फवारलं की निरोगी भाग गुलाल उधळल्यासारखा रंगतो. मेलेला भाग राखाडीच राहतो. गर्डरच्या आतल्या, पावसापासून आडोशाला असलेल्या अंगाला राखाडी पट्टा ३० मिलिमीटर भरला, म्हणजे सळईच्या पलीकडे. खांबाला मात्र चार-पाच मिलिमीटरवरच गुलाबी रंग फुटला. नोंदी घेणाऱ्या मुलीला वाटलं, खांब सुरक्षित आहेत. मी तिला थांबवलं. सतत ओल्या काँक्रीटमध्ये वायू शिरत नाही, पण मीठ शिरतं. आणि मिठाला सामू उतरण्याची वाट बघावी लागत नाही, तो पापुद्रा ते थेट फोडतं. त्यात जुन्या कामांमध्ये खाडीचीच वाळू नीट न धुता वापरली असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून आत बसलेलं असतं. म्हणून तिथे वेगवेगळ्या खोलीवर भोकं पाडून भुकटी घेतली, प्रयोगशाळेसाठी.

मग मोरचुदाच्या द्रावणाची नळी. तिची एक तार सळईला जोडायची, नळीचं ओलं टोक काँक्रीटवर टेकवत जायचं आणि मिलिव्होल्ट वाचायचे. आकडा उणे २०० च्या अलीकडे असला तर गंज चालू नसण्याची शक्यता नव्वद टक्के. उणे ३५० च्या पलीकडे गेला तर चालू असण्याची तेवढीच. तिसऱ्या खांबावर उणे ४१० ते ४६० मिळाले. गंज चालू आहे एवढंच यातून कळतं. किती लोखंड खाल्लं ते सळई उघडून, घासून, मापूनच बघावं लागतं. २५ मिलिमीटरची सळई एका जागी १९ भरली, म्हणजे तिचं चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रफळ गेलं होतं.

आकड्यांवर विसंबून मी एकदा मोठी चूक केली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पुलावर मी रिबाउंड हॅमरने घेतलेले आकडे उत्तम आले आणि काँक्रीट सुदृढ असल्याचं मी लिहून दिलं. जुन्या काँक्रीटची साल वायू शोषून कडक होते आणि हॅमर जास्तच उसळतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी हातोडीने ठोकून पाहिलं नाही, कारण शिडी लावायला उशीर झाला होता आणि भरती चढत होती. दीड वर्षाने त्या गाळ्याच्या तळाचा मोठा थर होड्या बांधायच्या जागेवर पडला. दुपारची वेळ होती, खाली कुणी नव्हतं. तेव्हापासून भरती चढली तर मी उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर टाकतो.

साध्या सळईचा पूल निदान कण्हतो तरी. डाग दाखवतो, खपल्या टाकतो. ताणलेल्या तारांच्या पुलात तेही क्वचित घडतं. तारा ज्या नळीतून नेलेल्या असतात तिच्यात पाणी शिरून त्या एकेक करून तुटतात आणि बाहेरचं काँक्रीट नितळ असतं. १९७० साली खुला झालेला पणजीचा मांडवी पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, त्यामागे तारांचा गंजच होता. मी तेव्हा शाळेत होतो. त्यानंतर आजोळी जाताना बेतीला बसमधून उतरून फेरीबोटीने पलीकडे जायचो, आणि पाण्यात उभे राहिलेले नुसते खांब बघायचो. ठाणे खाडीवरच्या १९७३ च्या वाशी पुलालाही याच दुखण्याने धरलं; बाहेरून नव्या तारा ताणून त्याला आधार द्यावा लागला.

या पुलावरही पूर्वी एक दुरुस्ती झालेली सापडली. पाचव्या गाळ्यात गंजक्या सळईवरच गिलावा फासून रंग दिला होता. ठोकताच अख्खी चकती हातात आली. सळईच्या मागे दोन बोटं जाईपर्यंत काँक्रीट फोडायचं आणि लोखंड चकचकीत होईतो घासायचं, हे केल्याशिवाय वर कितीही महाग मसाला भरला तरी गंज थांबत नाही; पॅचच्या कडेने तो उलट जोमाने पसरतो.

संध्याकाळी मुक्कामी अहवालाचा मसुदा लिहायला बसलो. ‘आवश्यक ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य मी लिहीत नाही. त्याने कुणालाच काही करावं लागत नाही. तिसऱ्या गाळ्याचा समुद्राकडचा गर्डर, सळईची घट, वरचं जादा डांबर लगेच खरवडून काढणे, आणि दुरुस्ती होईपर्यंत जड वाहनांना बंदी, असं नेमकं लिहिलं. शेवटच्या ओळीपाशी थांबलो. जड वाहनांत एसटी येते. फिरून जायचं तर घाटीवरून २२ किलोमीटर. सकाळच्या गाडीने पलीकडची पोरं हायस्कूलला येतात आणि त्या कालवंवाल्या बायका टोपल्या घेऊन त्याच गाडीने बाजाराला जातात. घटलेल्या सळईवर भरलेली बस पेलते का याचं गणित पुन्हा दोनदा केलं. पेलत होती, पण जो राखीव ताकदीचा भाग आपण कधीच खर्च करायचा नसतो, त्यातून. ओळ तशीच ठेवली. खाली लिहिलं की बंदीच्या काळात अलीकडच्या तीरावरून सुटणारी गाडी द्यावी आणि पुलावरून पायी जाण्यास मुभा असावी.

शेवटचा गाळा ठोकायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशीची सुकती पन्नासेक मिनिटं उशिरा लागणार होती. होडीवाल्याला आठला यायला सांगितलं आणि उंच शिडी आणायची आठवण केली.