बिल्ला आणि कुलूप

तुमचा पोरगा जुने रेडिओ उघडून बसत असेल तर त्याला रागावू नका. माझा पुतण्या त्यातलाच. हल्ली त्याने ‘पीएन ५३२’ नावाची तळहातात मावणारी पाटी आणली आहे. तिच्या कडेने तांब्याची वेटोळी असतात. बिल्ला जवळ नेला की पाटीच्या चुंबकी क्षेत्रातूनच त्याला वीज मिळते आणि तो आपला क्रमांक सांगतो. बिल्ल्यात सेल नाही, हे मला फार आवडले. अंतर मात्र चार-पाच सेंटिमीटर. मागे लोखंडी पत्रा असला तर तेवढेही नाही. वाचन होईना, तर आधी पाटीवरचे दोन बारीक खटके तपासावेत. आर्डुइनोशी कोणत्या रीतीने बोलायचे ते त्यांवर ठरते.

त्याला यातून मोटारीच्या खोलीचे कुलूप करायचे होते. मी नको म्हटले. नुसत्या क्रमांकावर दार उघडले, तर तोच क्रमांक उतरवलेला दुसरा बिल्लाही ते उघडतो, आणि असे कोरे बिल्ले बाजारात मिळतात. आत स्टार्टर, केबल! आमच्या शिवारात केबल चोरीला जाते, हे काय सांगायला हवे?

मग गोठा ठरला. जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला या पाटीला वाचता येत नाही. त्यावर बारा आकडे आणि रेघा नुसत्या छापलेल्या असतात. म्हणून दाव्याला वेगळे बिल्ले बांधले. वहिनी म्हणाल्या, “काळी कोणती ते मला यंत्राने सांगायला नको. लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, तेवढं सांगू दे.”

तेवढेच त्याने बसवले.