एका जागी थांबलेली मेंढरं

पहिलं कोकरू मेलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. लॅपटॉप पडवीत, हेडफोन कानात, आणि समोर आबा कोकराला टांगून उभे. आबा काही बोलले नाहीत. माझी मीटिंग संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तुझ्या गवतातलं हाय हे."

२०२० चा ऑगस्ट. मी पुण्याहून माणदेशात, घरी येऊन पाच महिने झाले होते. आमचा धनगरवाडा फार मोठा नाही. शाळेत असल्यापासून माझं गणित ठरलेलं होतं : आबा-आई दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघणार, फलटण, भोर करत वरंध घाट उतरून महाडच्या बाजूला कोकणात जाणार, आणि मृगाच्या आधी परत येणार. सात महिने मी आजीजवळ. आई म्हणजे माझ्यासाठी निम्म्या वर्षाची गोष्ट होती. त्यामुळे आईच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी "आता एवढं चालणं बंद" असं सांगितलं, तेव्हा मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आता वाडा थांबणार होता.

मी ठरवलं की तो नीट थांबवायचा. शंभरावर मेंढरं होती, त्यातली चाळीस दख्खनी ठेवली, बाकी विकली. घरच्या तीन एकरांना जाळीचं कुंपण घातलं. बोअर होतंच. मारवेल गवत लावलं, कडेनं दशरथ घास, वर स्प्रिंकलर. चाळीस मेंढरं, तीन एकर हिरवंगार गवत, दारात पाणी, रात्री शेड. मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी बदाम पाठवले.

आबांना विचारलं, कसं वाटतंय? ते म्हणाले, "गवत चांगलंय. पर मेंढरू एका जागी ऱ्हात न्हाय."

मला वाटलं, हे त्यांच्या पायांची सवय बोलतेय.

\*

कोकरू हगवणीनं मेलं नव्हतं. लेंड्या चांगल्या गोळीबंद होत्या, म्हणून जंतांचा संशय मला आलाच नाही. जंत म्हटलं की पातळ शेण, एवढंच माझ्या डोक्यात. पुढच्या दहा दिवसांत आणखी चार गेली. मोठ्या मेंढ्या कळपामागं रेंगाळायला लागल्या. दोघींच्या जबड्याखाली मऊ, गार थैली लोंबायला लागली. दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहायचा. आई म्हणाली, "पाणी उतरलं." तिनं हे आधी पाहिलं होतं, पण इतक्या जणींना एकदम नाही.

मी तालुक्याच्या दुकानातून जंताचं औषध आणलं. चाळीसही मेंढरांना अंदाजानं सारखंच पाजलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना कुंपणाच्या नव्या, न चरलेल्या कोपऱ्यात सोडलं. औषध देऊन स्वच्छ गवतावर हलवायचं, असं मी कुठंतरी वाचलं होतं. तीन आठवडे बरे गेले. मग पुन्हा तेच. पुन्हा औषध, पुन्हा तीन आठवडे. तिसऱ्या वेळी तीन आठवडेही मिळाले नाहीत.

शेवटी एका पशुवैद्यक मॅडमना बोलावलं. त्या आल्या त्या सकाळीच अकरावं कोकरू गेलं होतं. त्यांनी ते पडवीच्या मागं नेलं, उघडलं आणि चौथं पोट कापून माझ्यासमोर धरलं. आतल्या अस्तरावर केसांसारखे धागे वळवळत होते, इंचभर लांबीचे, लाल आणि पांढरे पीळ एकमेकांत गुंफलेले. मला राखीचा धागा आठवला आणि मी तोंड फिरवलं.

"हिमोंकस," मॅडम म्हणाल्या. "लाल दिसतंय ते तुमच्या कोकराचं रक्त. जंताच्या आतड्यात आहे ते."

असा एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त ओढतो. ऐकायला काहीच नाही. पण हजार जंत असले, आणि पावसाळ्यात ते सहज असतात, तर दिवसाला पन्नास मिली. कटिंग चहाएवढं. बारा किलोच्या कोकराच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पाऊण लिटरच्या आसपास. रक्ताबरोबर प्रथिनं जातात, मग पाणी नसांत टिकत नाही आणि मान खाली घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साठतं. हा जंत हगवण लावत नाही. तो गुपचूप पीत राहतो.

\*

मॅडमनी मग मला लेंडीची गोष्ट सांगितली. मी ती इथं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी घालते. ती लेंडीबरोबर जमिनीवर पडतात. जंत मेंढीच्या पोटात वाढतो, पण वाढायची सुरुवात तिथं होत नाही. अंड्यातून अळी बाहेर पडते, लेंडीतले जिवाणू खाते, दोनदा कात टाकते. उबदार आणि ओली हवा असली की चार-पाच दिवसांत किंवा आठवड्याभरात ती तयार होते. आता ती काही खात नाही. तिच्याभोवती जुन्या कातीचं वेष्टण असतं, त्यामुळे तोंड बंद. अंगात साठवलेल्या शिदोरीवर ती जगते आणि गवताच्या पातीवरच्या ओलाव्यातून वर चढून वाट पाहते. फार वर नाही. बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन-अडीच इंचांतच असतात. मेंढीनं ती पाती खाल्ली की अडीच-तीन आठवड्यांत नवी अंडी लेंडीत हजर.

म्हणजे औषधानंतरचे ते "बरे" तीन आठवडे औषधाचे नव्हतेच फार. जंताला पुन्हा वयात यायला तेवढाच वेळ लागतो.

माझ्या तीन एकरांत मी काय केलं होतं? स्प्रिंकलरनं माती ओली ठेवली होती. मेंढरं रोज तिथंच चरत, तिथंच लेंड्या टाकत, आणि आवडतं कोवळं गवत पुन्हा पुन्हा जमिनीलगत कुरतडत. मी मेंढरांसाठी कुरण केलं नव्हतं. मी जंतांसाठी केलं होतं.

औषधाचं प्रकरण त्याहून लाजिरवाणं. मॅडमनी औषधाआधी आणि औषधानंतर दोन आठवड्यांनी लेंड्यांतली अंडी मोजली. आकडा जवळजवळ हललाच नव्हता. माझ्या कळपातल्या जंतांना त्या औषधाचं काही वाटत नव्हतं. असं होणं नवीन नाही. थायाबेंडाझोल हे मेंढ्यांसाठीचं पहिलं मोठं आधुनिक जंतनाशक १९६१ मध्ये बाजारात आलं, आणि १९६४ मध्येच त्याला दाद न देणाऱ्या हिमोंकसची नोंद झाली. प्रत्येक औषधाला काही जंत पुरून उरतात. मी सगळ्या कळपाला पाजलं, तेही वजन न करता, म्हणजे जड मेंढ्यांना कमी. जे जंत वाचले तेच चिवट. आणि मग मी त्यांना स्वच्छ कोपऱ्यात नेऊन सोडलं, जिथं त्यांच्याशी मिसळायला औषधाला बळी पडणारा एकही साधा जंत नव्हता. निवडक बियाणं निवडक वाफ्यात पेरावं, तसं.

\*

त्या रात्री मी आबांना पहिल्यांदाच नीट विचारलं की वाटेनं ते कुठं आणि किती थांबायचे. बापाच्या कामाबद्दल मी कधी काही विचारलं नव्हतं. शाळेत कुणी विचारलं तर "शेतकरी" सांगायचो.

आबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. एका शेतात मेंढरं बसवली की दोन रात्री, फार तर तीन. लेंडीखत पडलं, शेतकऱ्यानं धान्य दिलं, वाघर उचलली, पुढं. त्याच शेतात पुन्हा? पुढच्या वर्षी. ज्वारीचं काढलेलं रान आधी बघायचं, कारण तिथं वर्षभर मेंढरू फिरलेलं नसतं. सकाळी दव उतरल्याशिवाय कळप सोडायचा नाही. कोकणात भाताच्या पाणथळ खाचरात सोडायचं नाही. तिथं गोगलगायी असतात. आबांना लिव्हर फ्लूक हा शब्द माहीत नाही, आणि तो चपटा कृमी गोगलगायीतून येतो हेही नाही. त्यांना गोगलगाय माहीत आहे. बाभळीच्या शेंगा पाडायच्या, बोराटीचा पाला खाऊ द्यायचा. "मेंढरानं मान वर करून बी खाल्लं पायजे," ते म्हणाले.

मी मोबाइलवर लिहीत गेलो आणि ते दोन-तीन रात्रींचे मुक्काम मला मॅडमच्या आकड्यांशेजारी दिसायला लागले. अळी तयार व्हायला चार-पाच दिवस. आबा तिसऱ्या दिवशी गेलेले. आणि आमचा इथला माळ? दिवाळी ते मृग, सात महिने रिकामा. त्यात एप्रिल-मेचं चाळीस अंशांचं ऊन. शिदोरीवर जगणारी अळी त्यात टिकत नाही. वाडा परत येईपर्यंत माळ धुतल्यासारखा.

इथं मला सावध राहायला हवं. आबा जंतांसाठी चालत नव्हते. ते गवतासाठी, पाण्यासाठी आणि धान्यासाठी चालत होते. दवाबद्दलचं त्यांचं कारण असं की दवाचं पाणी मेंढरांच्या अंगात उतरतं आणि जबड्याखाली साठतं. कारण चूक, पण सूज खरी आणि उपायही बरोबर. त्या चालण्यात आईचे गुडघे गेले आणि माझं निम्मं बालपण. "आपले पूर्वज किती शास्त्रशुद्ध" असा मेसेज करून फॉरवर्ड करण्यासारखं यात काही नाही. इतकंच, की चालणं थांबवताना मी फक्त पाय थांबले असं समजलो होतो. त्या चालण्यातून आणखी काय काय होत होतं याचा हिशोब मी केला नव्हता.

\*

पुन्हा चालणं शक्य नव्हतं. मग तीन एकरांतच चालायचं ठरवलं.

टोंगा नावाचा पॅसिफिकमधला एक बेटांचा देश आहे. तिथं शेळ्यांवर झालेला एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुरणाचे दहा भाग, प्रत्येकात साडेतीन दिवस, म्हणजे पस्तिसाव्या दिवशी पुन्हा पहिला भाग. उष्ण, ओल्या हवेत अळी लवकर तयार होते, पण तिची शिदोरीही लवकर संपते. महिन्याभरात बऱ्याच अळ्या मरतात. एकाच जागी चरणाऱ्या शेळ्यांपेक्षा फिरत्या शेळ्यांच्या लेंडीत अंडी निम्म्याहून कमी निघाली. थंड देशांत हे असं चालत नाही. तिथं अळ्या महिनोन्‌महिने जगतात. आपल्या पावसाळ्याला ते जमतं.

तीन एकर म्हणजे एकशेवीस गुंठे. बारा गुंठ्यांचे दहा तुकडे. मी विजेच्या कुंपणाच्या किमती बघत होतो. आबा आत गेले आणि माळ्यावरची वाघर घेऊन आले. तीच जाळी, जी ते रोज रात्री नव्या शेतात ठोकत. चार बोटं गवत उरलं की जाळी पुढं. ते मोजायला आबांना पट्टी लागत नाही. मेंढरांमागून त्या तुकड्यात आमच्या दोन खिलार गाई सोडतो. मेंढीची अळी मोठ्या गाईच्या पोटात बहुतेक रुजत नाही, तिथंच संपते. कोकरांना नव्या तुकड्यात आधी सोडतो, कारण त्यांच्या अंगात अजून जंतांना तोंड द्यायची ताकद नसते. दुपारी कळप आबांबरोबर गायरानात, बोराटीच्या पाल्यावर.

आणि औषध? ते बदललं, आणि सगळ्यांना देणं बंद केलं. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेलं एक रंगीत कार्ड मॅडमनी आणून दिलं. त्याचं नाव फामाचा, फाफा मालन या पशुवैद्यकाच्या नावावरून. मेंढीची खालची पापणी ओढायची आणि आतला रंग कार्डावरच्या पाच पट्ट्यांशी ताडायचा. लाल असेल तर सोडून द्यायची. फिकट असेल तर वजन करून औषध. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांत असतात. ज्यांना औषध दिलं नाही, त्यांच्या पोटातले साधे जंत गवतावर उतरत राहतात आणि चिवटांची संख्या वाढू देत नाहीत. म्हणजे औषध टिकायचं तर काही जंत राखावे लागतात. हे आबांना पटायला मला आठवडा लागला.

आईला एका मिनिटात पटलं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती पडवीत खुर्ची टाकून बसते आणि आम्ही एकेक मेंढी तिच्यापुढं नेतो. कार्ड तिनं दुसऱ्याच खेपेला बाजूला ठेवलं. मॅडम अजून म्हणतात, कार्ड धरूनच बघा, नजर फसते. आई मान डोलावते. तिचे स्वतःचे रंग आहेत : डाळिंबाचा दाणा, कच्चा दाणा, ज्वारीचं पीठ. "ही पीठ," ती म्हणते, आणि आम्ही त्या मेंढीला खडूची रेघ ओढतो. पहिल्या खेपेला चाळिसांत तेरा निघाल्या. पुढच्या पावसाळ्यात सहा. त्या वर्षी आमची दोन कोकरं गेली, त्यातलं एक कुत्र्यांनी नेलं.

ज्या दोन मेंढ्या दर खेपेला पीठच निघाल्या, त्या आम्ही विकल्या. त्यांची पिल्लंही ठेवली नाहीत. हे कठीण गेलं, त्यातली एक आईची लाडकी होती. पण जंत सोसायची ताकद थोडीफार रक्तातूनही येते.

\*

माझा चुलतभाऊ अजून वाडा घेऊन जातो. मागच्या पावसाळ्यानंतर त्याचा फोन आला, नीरेच्या अलीकडून कुठूनतरी. मेंढरं मागं रेंगाळतायत, तिघींच्या जबड्याखाली पाणी उतरलंय, औषधाचं नाव सांग.

मी म्हटलं, नाव सांगतो, आधी डोळ्याची पापणी ओढून फोटो पाठव. आणि एक सांग, एका जागी किती दिवस झाले?

तो थोडा वेळ गप्प राहिला. मागं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"नऊ. कॅनॉलच्या कडंला बसलोय. जुन्या मुक्कामांच्या रानात सगळीकडं ऊस झालाय, न्हायतर कंपाउंड. पुढं जायला जागाच न्हाय रं."

फोटो आला. मी तो आईला दाखवला. तिनं स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, दोन बोटांनी मोठी केली.

"पीठ," ती म्हणाली.